सीदिंग वेल्स: स्टेजवर बोंबलणारा कवी छापखान्यात शिरतो तेव्हा

लीड्सरिटर्न (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की कवितेवर ज्यांचं पोट भरत नाही त्या कवींचं पुढे होतं काय. मास्तर होतात, बँकेत चिकटतात, नाहीतर पेपरात जातात, असं तिथे ठरलं. पेपरात गेलेला एक वल्ली मला ठाऊक आहे. प्रतिसाद लिहायला बसलो तर तो लांबतच गेला, म्हणून हा वेगळा धागा.

२००५ साली कंपनीने मला लीड्सला पाठवलं होतं. शनिवारी दुपारी करायला काही नसे. घरापासून दहा मिनिटांवर जुन्या रेकॉर्डींचं दुकान होतं. पुठ्ठ्याच्या खोक्यांत रेकॉर्डी उभ्या लावलेल्या, आणि दुकानदार असा घुम्या की पैसे घेतानाही तोंड उघडायचा नाही. माझ्याकडे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र नव्हतंच, मी नुसती कव्हरं चाळायचो. एकदा त्यात एक रेकॉर्ड हाती लागली: ‘रफ, रॉ अँड रँटिंग’, १९८२. दोघांची मिळून एक, आणि दोघेही कवी. एक अटिला द स्टॉकब्रोकर, दुसरा सीदिंग वेल्स. ‘हे काय आहे?’ म्हणून विचारलं तर दुकानदार पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, दुसरा आपल्या ब्रॅडफर्डचा, बसवर कंडक्टर होता. दीड पौंडाला घेतली.

खरं नाव स्टीव्हन वेल्स. जन्म १९६०, स्विंडनचा, पण वाढला ब्रॅडफर्डला. ‘सीदिंग’ म्हणजे आतल्या आत खदखदणारा. पुढे त्याचं आखूड होऊन ‘स्वेल्स’ झालं आणि तेच चिकटलं.

ब्रॅडफर्ड म्हणजे लोकरीच्या गिरण्यांचं गाव. आपलं परळ-लालबाग डोळ्यापुढे आणा आणि त्यावर बारा महिने रिपरिप पाऊस पाडा. सत्तरच्या दशकात या गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या. गिरणीकामासाठी आलेली पाकिस्तानी, पंजाबी कुटुंबं तिथेच स्थिरावलेली, आणि त्यांच्यावर डोळा ठेवून नॅशनल फ्रंट या स्थलांतरितविरोधी कडव्या उजव्या पक्षाचे लोक मोर्चे काढत फिरत होते. १९७९ला थॅचरबाई आल्या. जानेवारी १९८२मध्ये देशातल्या बेकारांचा आकडा तीस लाखांवर गेला. अशा गावात विशीतला पोरगा कविता करणार तर कसल्या करणार!

पंक संगीताची गंमत अशी की गिटार वाजवता आलीच पाहिजे अशी अट नव्हती. तीन कॉर्ड जमले की काढा बँड. ज्यांना गिटार घेणंच परवडत नव्हतं ते कवी झाले. सॅल्फर्डचा जॉन कूपर क्लार्क यातला थोरला. पंक बँडांच्या आधी स्टेजवर जाऊन तो मशिनगनसारख्या कविता सोडायचा. त्याच्या मागून ऐंशीच्या सुरुवातीला जी पिढी आली तिला ‘रँटिंग’ कवी म्हणतात. रँट म्हणजे आपल्याकडे गल्लीत उभं राहून एखादी बाई नळावरच्या भांडणात जे करते ते. श्वास न घेता.

आता या कवींची परिस्थिती बघा. एक बँड उतरलाय, दुसऱ्याच्या वायरी जोडणं चाललंय, मधल्या दहा मिनिटांत तुम्हाला कविता म्हणायची आहे. समोर तीनशे पोरं, हातात बिअर, आणि कविता ऐकायला त्यातलं एकही आलेलं नाही. पहिल्या ओळीला मान वळली नाही तर दुसऱ्या ओळीला प्लास्टिकचा ग्लास येतो. थुंकणं तर कौतुकात मोडायचं. म्हणून ओळ आखूड, अनुप्रास दणदणीत, शिवी मोक्याच्या जागी आणि हशा दुसऱ्या वाक्याच्या आत. वेल्सची गाजलेली कविता ‘टेटली बिटरमेन’. टेटली ही लीड्सची बिअर, आणि ती पिऊन मर्दगडी म्हणून मिरवणाऱ्यांची त्यात चामडी सोललेली आहे. ती तो कुठे म्हणायचा, तर तीच बिअर पिणाऱ्यांसमोर.

यानंतर तो ‘एनएमई’ या संगीत साप्ताहिकात लिहू लागला, आधी सुझन विल्यम्स या बाईच्या नावाने आणि मग स्वतःच्या. वृत्तपत्री कागद, टॅब्लॉइड आकार, वाचून झालं की बोटं काळी. तिथे त्याने जे केलं ते बघून मला वाटतं की या माणसाने धंदा बदललाच नाही. स्टेजवर जे करत होता तेच छापलं. अर्धं परीक्षण कॅपिटल अक्षरांत, एका वाक्यात चार विशेषणं एकाच अक्षराने सुरू होणारी. नाजूक, उसासे टाकणारे गिटारवाले बँड त्याच्या डोक्यात जायचे. बेल अँड सेबॅस्टियन या स्कॉटिश बँडच्या चाहत्यांना त्याने वर्षानुवर्षं झोपू दिलं नाही. उलट डॅफ्नी अँड सेलेस्ट या पॉप गाणाऱ्या दोन चिमखड्या पोरींना, ज्यांना २०००च्या रेडिंग महोत्सवात पब्लिकने बाटल्या फेकून मारल्या, त्याने डोक्यावर घेतलं. त्याच्या मते खरा पंकपणा त्या पोरींत होता, बाटल्या फेकणाऱ्यांत नाही. हे वाचून मला तो फार आवडला.

बाकीचं भराभर. डेव्हिड क्वान्टिकबरोबर त्याने ‘ऑन द आवर’ या रेडिओवरच्या आणि १९९४च्या ‘द डे टुडे’ या टीव्हीवरच्या खोट्या बातम्यांच्या कार्यक्रमांसाठी लिहिलं. बँडांचे व्हिडिओ काढले. १९९९ला ‘अटॅक!’ नावाची प्रकाशन मालिका काढून स्वस्त, भडक, मारधाडीच्या कादंबऱ्या छापल्या. त्यातली एक त्याची स्वतःची, जिचं नाव इथे लिहिलं तर संपादक मंडळ धागा उडवेल. मग अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेला, तिथल्या साप्ताहिकात स्तंभ, शिवाय ‘गार्डियन’च्या संकेतस्थळावर खेळांवर टवाळी. जून २००९मध्ये कर्करोगाने गेला. वय ४९.

गुळांबा

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. नळावरच्या भांडणाची उपमा आवडली, पण बाप्यांनाही छान भांडता येतं हो, आमच्या सोसायटीच्या सभेला या एकदा.

दोनकॉलमी

धागा वाचून हात शिवशिवले. मी एका जिल्हा दैनिकात ३१ वर्षं उपसंपादक होतो. नाव सांगत नाही, ग्रॅच्युइटीचं भांडण अजून मिटायचंय.

लीड्सरिटर्न म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे, आणि हे मी तबल्यासमोर बसणाऱ्याच्या अनुभवाने नाही, तबलजीच्या अनुभवाने सांगतोय. मी पेपरात लागलो तो कवी म्हणूनच. दिवाळी अंकांत चार-पाच कविता आल्या होत्या, संपादकांनी त्या वाचल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला मथळे लिहायला बसवलं. म्हणाले, वृत्तात लिहितोस ना, मग मोजता येत असेल.

मथळा म्हणजे मोजणं. आमच्याकडे दोन कॉलमी मथळ्याच्या एका ओळीत बारा अक्षरं बसायची, तेरावं आलं की छापायचे खिळे जुळवणारा जुळारी वरच्या मजल्यावरून शिव्या घालायचा. त्यातही सगळी अक्षरं सारखी नाहीत. ‘क्ष’ जागा खातो. ‘र’ अंग चोरून बसतो. वरच्या ओळीचा ऊकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकतात. ‘मुख्यमंत्र्यांच्या’ हा शब्द आला की ओळ संपलीच. कवितेत मात्रा मोजायचो, इथे अक्षरशः मात्रा मोजायचो.

एका उन्हाळ्यात आमच्या गावाला आठ दिवसांनी पाणी येत होतं आणि नगरसेवक ‘पाणीपुरवठ्याचा अभ्यास’ करायला गोव्याला गेले होते. मी मथळा दिला, ‘नळ कोरडे, पुढारी ओले’. दहा अक्षरं. संपादकांनी तो दोनदा वाचला, हसले, आणि ‘ओले’वर काट मारून ‘दौऱ्यावर’ लिहिलं. ती काट मला अजून दिसते. माझ्या तीस वर्षांतली सगळ्यात चांगली कविता ती होती आणि ती छापली गेली नाही.

पंकचं म्हणाल तर त्यातली पहिली गाजलेली कविता पंकवाल्यांनी लिहिलीच नाही. सेक्स पिस्टल्सने १ डिसेंबर १९७६ला टीव्हीवर बिल ग्रंडीच्या कार्यक्रमात शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी ‘डेली मिरर’चा मथळा: ‘द फिल्थ अँड द फ्युरी!’ दोन फ, दोन ठोके. मराठीत आणायचा तर ‘घाण आणि घणाघात’ म्हणावं लागेल, तरी तो जोर येत नाही. त्या रात्री मिररच्या टेबलावर जो उपसंपादक होता त्याला माझा दंडवत.

तिरकस

कौतुकसोहळा चालू द्या, पण एक शंका. हे सगळे बंडखोर शेवटी त्याच भडक पेपरांच्या दुकानात कसे काय पोचतात?

यादी करून बघा. १९७६मध्ये एनएमईने नव्या दमाच्या लेखकांसाठी जाहिरात दिली, त्यातून ज्युली बर्चिल आणि टोनी पार्सन्स आले. ती सतरा वर्षांची, तो जिनच्या कारखान्यातला कामगार. दोघांनी पंकवर लिहिलं, मग पंकचं मर्तिकही घालून टाकलं. पुढे पार्सन्स ‘डेली मिरर’चा स्तंभलेखक, नंतर ‘सन’च्या रविवारच्या आवृत्तीत. बर्चिल ‘मेल ऑन संडे’त. आणि सगळ्यात मासलेवाईक गॅरी बुशेल. डावा कार्यकर्ता, ‘साउंड्स’ साप्ताहिकातला पंकचा भोई, ऐंशीच्या दशकात ‘सन’मध्ये टीव्ही समीक्षक. त्या ‘सन’मध्ये, जो थॅचरबाईंचा ढोल होता आणि ज्याने १९८२ला अर्जेंटिनाचं जहाज बुडवल्यावर ‘गॉचा’, म्हणजे ‘कसे सापडलात!’, असा मथळा दिला होता.

तेव्हा कला एकच आहे हे मान्य. पण दोनकॉलमीकाकांचे नगरसेवक आणि बुडणारे खलाशी यांच्यात काही फरक आहे की नाही?

लीड्सरिटर्न (धागाकर्ता)

तिरकस, मुद्दा रास्त आहे, म्हणूनच मी बुशेल न घेता वेल्स घेतला. दोघांचं हत्यार एकच, पण वेल्सने ते कमजोरावर चालवलं नाही. तो शेवटपर्यंत वंशवाद्यांच्या, बायकांना हिणवणाऱ्यांच्या आणि आपली अभिरुची फार उच्च आहे असं समजणाऱ्यांच्या मागे लागला. तिसऱ्या गटावर त्याने जरा जास्तच अन्याय केला असं माझंही मत आहे. बेल अँड सेबॅस्टियन मला आवडतो. हे मी लीड्समध्ये कुणाला सांगितलं नाही.

आणि रेकॉर्डवरचा तो दुसरा, अटिला, तो पेपरात गेलाच नाही. खरं नाव जॉन बेन. शेअर दलालाच्या कचेरीत कारकुनी करताना कुणीतरी त्याच्या वागण्यावरून अटिला म्हटलं, ते नाव त्याने उचललं. चाळीस वर्षं पबांतून, क्लबांतून कविताच म्हणत फिरला, आणि ब्रायटनच्या फुटबॉल क्लबच्या मैदानावर माईकवरून घोषणाही करायचा. म्हणजे बोंबलणं त्यालाही सुटलं नाही.

ठाणे_ते_टेम्स

बुशेलचं नाव निघालं म्हणून लिहिते. मी १९८८ला लग्न होऊन लंडनच्या पश्चिमेला साउथॉलला आले. आमच्या शेजारच्या पंजाबी मावशी, त्यांना आम्ही बीजी म्हणायचो, मला पहिल्याच महिन्यात भाजी आणायला नेताना रस्त्याकडेची एक जागा दाखवून म्हणाल्या, इथला पब आमच्या मुलांनी जाळला होता. इतक्या शांतपणे, जणू इथे पूर्वी रेशनचं दुकान होतं.

तो हॅम्बरो टॅव्हर्न. ३ जुलै १९८१. बुशेल ज्या रांगड्या पंक बँडांना ‘ऑय!’ म्हणून पुढे आणत होता त्यातल्या तीन बँडांचा कार्यक्रम तिथे ठेवला होता. डोकी तासलेले स्किनहेड बसगाड्या भरून आले. आधीची पार्श्वभूमी लक्षात घ्या. १९७६मध्ये याच साउथॉलला गुरदीपसिंग चग्गर या अठरा वर्षांच्या मुलाला भोसकून मारलं होतं. १९७९मध्ये नॅशनल फ्रंटच्या सभेविरुद्धच्या निदर्शनात ब्लेअर पीच हा शिक्षक डोक्यात घाव बसून गेला. आता पुन्हा तसलीच डोकी गावात, दुकानांत शिरून बायकांना त्रास देतायत अशी बातमी पसरली, आणि पोरांनी पब पेटवला. बीजींचा धाकटा मुलगा त्या रात्री पहाटे घरी आला, स्वेटरला पेट्रोलचा वास. त्यांनी तो स्वेटर काही न बोलता बादलीत भिजत घातला.

बँडवाले सांगत राहिले की आम्ही नाझी नाही, आम्ही गरिबांच्या वस्त्यांतली पोरं. त्यातल्या बऱ्याच जणांचं ते खरंही असेल. पण त्याच्या दोनच महिने आधी बुशेलने जमवलेली जी रेकॉर्ड आली होती तिचं नाव ‘स्ट्रेंथ थ्रू ऑय!’. नाझींच्या ‘आनंदातून शक्ती’ या घोषणेवरची कोटी. वर कव्हरवर ज्याचा फोटो तो ब्रिटिश मूव्हमेंट या नवनाझी संघटनेचा माणूस निघाला. बुशेलचं म्हणणं की कोटी मुद्दाम नव्हती आणि फोटोतला माणूस कोण हे वेळेवर कळलं नाही. दंगलीनंतर पेपरांनी झोड उठवली, कंपनीने रेकॉर्ड मागे घेतली. आणि काही वर्षांत हेच गृहस्थ त्याच जातीच्या पेपरात मानाने स्तंभ लिहायला लागले.

मला कवितेतलं फारसं कळत नाही. पण कोटी करणाऱ्याने कोटी कुठे जाऊन पडते ते बघायला नको का? जो शब्द त्यांना मथळ्यासारखा चटपटीत वाटला, तो आमच्या गल्लीत वेगळा ऐकू आला.

दोनकॉलमी

ताई, हे वाचून गप्प झालो. आमच्या वेळीही एक दंगल झाली होती गावात. त्या रात्री मला एक फार चांगला मथळा सुचला होता, अनुप्रास वगैरे. वरिष्ठांनी तो फाडला आणि ‘गावात तणाव; संचारबंदी’ एवढंच लावलं. तेव्हा राग आला होता.

बापूसाहेब

एवढा वेळ झाला तरी अत्र्यांचं नाव कुणी काढलं नाही याचं आश्चर्य वाटतं! परदेशात कशाला जाता? केशवकुमार या नावाने विडंबन कविता करणारा कवी, ‘झेंडूची फुले’ने रविकिरण मंडळातल्या कवींची टोपी उडवणारा, तोच पुढे ‘नवयुग’ काढतो, १९५६ला ‘मराठा’ काढतो आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मोरारजींपासून स. का. पाटलांपर्यंत एकेकाला रोज सकाळी सोलून काढतो. आमचे वडील सांगायचे, ‘मराठा’चा अग्रलेख गिरणीच्या फाटकाशी एकजण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे गोल करून ऐकायचे. तुमच्या त्या वेल्सला एवढे श्रोते कुठून मिळणार!

तिरकस

बापूसाहेब, अत्रे मोठेच, पण त्यांना पंक म्हणू नका हो, वर बसून ते माझ्यावर अग्रलेख लिहितील. ते हेडमास्तर होते, नाटककार होते, सिनेमाला सुवर्णकमळ मिळवलेले होते, आमदार होते. वेल्स बसची तिकिटं फाडत होता. मराठीत जोड शोधायचीच तर लघुनियतकालिकवाल्यांत शोधा. १९७२ला ‘गोलपिठा’ लिहिणारे नामदेव ढसाळ, पोटासाठी टॅक्सी चालवलेले, दलित पँथर काढलेले. पुढे तेच ‘सामना’त स्तंभ लिहायला लागले तेव्हा जुन्या साथीदारांचे चेहरे कसे झाले असतील? वर मी जो प्रश्न विचारला तो खरं म्हणजे तिथून आलाय.

बापूसाहेब

ढसाळांना पंक म्हणणं मला पटत नाही. पंकवाल्यांना भूक ठाऊक होती का? बेकार भत्ता घेऊन क्रांती करणारी ती पोरं. असो, अत्र्यांवर मी मागे हटणार नाही. भाषेची नस सापडलेला माणूस कवितेतून पेपरात आला की काय होतं याचं उदाहरण मी दिलं, केसांना रंग कोणता हा मुद्दा नाही.

गुळांबा

अत्रे विरुद्ध ढसाळ असा धागा वेगळा काढा, इथे बिचाऱ्या कंडक्टरला बसमधून उतरवू नका.

मला एक बाळबोध प्रश्न आहे. टॅब्लॉइड म्हणजे नक्की काय? मला वाटायचं सनसनाटी पेपर. वर धाग्यात तर आकार म्हटलंय.

दोनकॉलमी

दोन्ही. मूळ शब्द औषधातला. बरोज वेलकम या लंडनच्या औषध कंपनीने १८८४मध्ये ‘टॅब्लॉइड’ हे नाव नोंदवलं, दाबून लहान केलेल्या गोळीसाठी. मग जे काही दाबून लहान केलेलं ते टॅब्लॉइड. मोठ्या पानाच्या निम्म्या आकाराचा पेपर निघाला, लोकलमध्ये शेजाऱ्याच्या नाकात कोपर न घालता वाचता येणारा, त्यातल्या बातम्याही गोळीसारख्या आटवलेल्या. म्हणून तो टॅब्लॉइड. पुढे लंडनचा ‘टाइम्स’सुद्धा २००४मध्ये त्याच आकारात आला. तेव्हा आकाराने टॅब्लॉइड आणि वृत्तीने टॅब्लॉइड अशी दोन घराणी झाली. वृत्तीवाल्यांना तिकडे ‘रेड टॉप’ म्हणतात, नावाची पट्टी लाल असते म्हणून. १९८६ला एका विनोदी नटाने आपला हॅम्स्टर खाल्ला असा मथळा पहिल्या पानभर देणारा ‘सन’ या घराण्याचा. बातमी खोटी होती, पण त्या मथळ्याला अजून लोक हसतात.

आपल्याकडे पुण्यात ‘संध्यानंद’ वाचलेल्यांना वृत्ती वेगळी समजावून सांगायला नको.

गुळांबा

‘संध्यानंद’! ब्राझीलमध्ये कोंबडीने दिलं चौकोनी अंडं छापाच्या बातम्या! आमचे आजोबा पीएमटीत बसून तो शब्दन्शब्द वाचायचे आणि घरी येऊन आजीला सांगायचे, ‘जगात काय चाललंय बघ.’

नकाशेवेडा

अवांतर: ‘सीदिंग वेल्स’ नावाची खरोखरची जागा आहे, लंडनच्या नैऋत्येला सर्बिटनला, टेम्सच्या काठी. १८५२च्या सुमाराला लॅम्बेथ वॉटर कंपनीने शहरातलं घाण पाणी उपसणं सोडून आपला उपसा तिथे हलवला. दोन वर्षांनी कॉलरा आला तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरने त्या कंपनीच्या गिऱ्हाइकांची तुलना अजून शहरातलंच पाणी पिणाऱ्यांशी केली, आणि कॉलरा पाण्यातून येतो हे दाखवून दिलं. तेव्हा तुमच्या कवीने नाव भलतंच स्वच्छ जागेचं उचललंय. तोंडाच्या मानाने.

लीड्सरिटर्न (धागाकर्ता)

नकाशेवेडा, हाबिणंदण. हे मला माहीत नव्हतं आणि आता विसरताही येणार नाही.

साधी_माणूस

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. पण लीड्सरिटर्न, वेल्स गेला तो शेवटचा परिच्छेद तुम्ही फार पटकन उरकलात म्हणून विचारते. तो आजारपणावर लिहायचा का? आमच्या घरी लिंफोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग, होऊन गेलाय, माझ्या भावाला. म्हणून.

लीड्सरिटर्न (धागाकर्ता)

हो ताई, लिहायचा. उरकलं कारण धाग्याचा सूर बिघडेल असं वाटलं. ते चुकलं.

२००६मध्ये त्याला हॉजकिन्स लिंफोमाचं निदान झालं. फिलाडेल्फियाच्या साप्ताहिकात तो त्यावर लिहीत राहिला, आणि त्याच आवाजात लिहिलं. एनएमईत त्याने ज्या शैलीत बँड फाडले त्याच शैलीत केमोथेरपी फाडली. कर्करोगाला लोक जो ‘लढा’, ‘झुंज’ असा साज चढवतात तो त्याने अंगाला लावून घेतला नाही. इस्पितळातले वास, नळ्या, औषधांनी येणारे भास, शेजारच्या खाटेवरचा आवाज, आणि त्यामधून एकदम एखादा अचकट विनोद. मग मध्यंतरी बरा झाला. २००९ला दुसऱ्या जातीचा, आतड्याशी संबंधित लिंफोमा निघाला आणि तो झपाट्याने वाढला. शेवटचा स्तंभ त्याच्या मृत्यूच्या आसपासच छापून आला. पुढच्या दोन दिवसांत मायकेल जॅक्सन गेला आणि जगातल्या सगळ्या संगीत पत्रकारांना दुसरं काम लागलं. स्वतःच्या बातमीला अशी जागा मिळाली यावर त्याने पानभर शिव्या लिहिल्या असत्या.

मी तेव्हा पुण्यात परत आलो होतो. ऑफिसात चहाच्या वेळी ‘गार्डियन’ उघडला तर त्याचा फोटो. बाजूच्या टेबलावरच्या मुलीला म्हटलं, ‘अगं, हा गेला.’ ती म्हणाली, ‘कोण?’ सांगायला सुरुवात कुठून करावी तेच कळेना. बहुतेक तेच आत्ता पंधरा वर्षांनी इथे सांगत बसलोय.

साधी_माणूस

धन्यवाद. झुंज या शब्दाचा माझ्या भावालाही राग यायचा. भेटायला येणारे म्हणायचे, तू फायटर आहेस. तो म्हणायचा, मला डाळभात हवाय, फाइट नको. त्याला हे वाचायला आवडलं असतं. तोही फार घाण बोलायचा, आईसमोर सोडून.

ठाणे_ते_टेम्स

ताई, तुमच्या भावाचं वाक्य मी लिहून ठेवलंय.

तिरकस

माझा प्रश्न बाजूला ठेवतो. कंडक्टर पास.

दोनकॉलमी

लीड्सरिटर्न, ती रेकॉर्ड शेवटी वाजवलीत का कधी?

लीड्सरिटर्न (धागाकर्ता)

एकदाच. २०११ला मामांच्या जुन्या एचएमव्हीवर, सातारला. मामांकडे सगळ्या नाट्यगीतांच्या रेकॉर्डी. मी सांगितलं, कविता आहे, इंग्रजी. मामी पोळ्या लाटता लाटता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यानंतर जे काही खरखरत बाहेर पडलं त्यातला एक शब्दही आम्हाला धड कळला नाही. योर्कशायरचा हेल, आणि वेग असा की सुई पुढे पळतेय असं वाटावं. संपल्यावर मामा दोन मिनिटं गप्प, मग म्हणाले, ‘एवढा चिडलाय कुणावर?’

मामी म्हणाल्या, ‘कुणावर का असेना, पण तालात चिडलाय.’